आदर्श घरातलं वॉशिंग मशीन

वहिनींच्या घरी पाहुणे मुक्कामाला थांबत नाहीत. तुम्ही म्हणाल, बाई तुसडी असेल. छे हो! बोलायला मोकळ्या, चहाला कधी नाही म्हणणार नाहीत, पाहुण्यांच्या गाद्यांनासुद्धा ऊन दाखवून ठेवलेलं. पण त्या घरात साधा पंखा लावायचा तरी माहितगार माणूस लागतो. बटण दाबलं की पंखा नुसता गुरगुरतो. मग दारामागची काठी घ्यायची आणि पात्याला एक ढोसणी द्यायची, तीही डावीकडून. उजवीकडून दिली तर पंखा उलटा फिरतो आणि खालचा माणूस घामाघूम. चहाच्या किटलीचा खटका पाणी उकळेपर्यंत चमच्यानं दाबून धरावा लागतो. फ्रिजचं दार आधी गुडघ्यानं खालून रेटायचं आणि मग वरून थाप मारायची, तेव्हा बसतं. मिक्सर उत्तम चालतो, फक्त भांडं तिरकं धरून त्याच्यावर जरा रेलावं लागतं. एक मावसबहीण मोठ्या हौसेनं आठवडाभर राहायला आली होती. दुसऱ्याच दिवशी तिला अचानक घरची कामं आठवली.

या सगळ्याचं कारण घरातच, पुढच्या खोलीत बसलेलं असतं. नाकावर चष्मा, हातात सोल्डरिंगची सळई, आजूबाजूला पोट फाडलेली यंत्रं. हे वहिनींचे यजमान. घरगुती वापराची उपकरणं दुरुस्त करतात. गल्लीनं त्यांचं नाव ठेवलंय होईलशेठ. जळलेलं आणा, पाण्यात बुडालेलं आणा, गाडीखाली आलेलं आणा, हे गृहस्थ वस्तू एकदा उलटी करून पाहतात, एकदा सुलटी करून पाहतात आणि म्हणतात, "होईल." आणि होतं, हीच तर पंचाईत आहे! नसतं होत तर पुढचं काही घडलंच नसतं. वर माणूस सचोटीचा इतका, की आतला जो भाग बदलला असेल तो दोऱ्यानं वस्तूच्या मुठीला बांधून परत देणार, म्हणजे गिऱ्हाईकाला शंका नको. लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना या सगळ्याचं फार अप्रूप वाटलं होतं. माहेरी वस्तू बिघडली की वडील आधी तिला शिव्या द्यायचे आणि मग भंगारात घालायचे. इथे नवरा मुक्या झालेल्या रेडिओला बोलतं करत होता! बाई भाळल्याच. जेवण झालं की स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसायच्या, स्क्रू धरायच्या, टॉर्च मारायच्या. हळूहळू कान तयार झाला. आता गिऱ्हाईकाचा फोन आला की वहिनीच विचारतात, "आवाज कसा येतोय? घरघर की खरखर?" आणि उत्तर ऐकून गिऱ्हाईकाला सांगतात, घेऊन या म्हणून. दुकानाचे हात होईलशेठ आणि दुकानाचं तोंड वहिनी, असं इतकी वर्षं चाललंय.

पण यात एक गोम होती. लोकांच्या वस्तूला चांगला भाग मिळायचा आणि घरच्या वस्तूला उरलेला. होईलशेठांचा त्यामागे दुष्टपणा काही नव्हता. घरच्या वस्तूला बोलणारं गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

आणि या घरच्या वस्तूंमध्ये सगळ्यात मानाचं स्थान होतं न्हाणीघरातल्या वॉशिंग मशीनला. त्याचं अंग एका कंपनीचं, टायमर दुसऱ्या कंपनीचा, झाकण म्हणजे मोडक्या टेबलाची फळी. ते पाणी आपणहून सोडत नसे. नळी वाकवून बादलीत काढायचं आणि बादली उचलून मोरीत ओतायची. ड्रायर फिरायला लागला की मशीन चालायला लागे, म्हणजे खरोखरच चालायला लागे, दाराच्या दिशेनं. म्हणून ते थांबेपर्यंत त्याला कमरेनं आणि दोन्ही हातांनी भिंतीशी रेटून धरायचं. एवढं करून कपडे निघायचे ओलेचिंब, ते पुन्हा हातानं पिळायचे. वहिनींची मनगटं सुजायला लागली. बोटांना मुंग्या यायच्या, चहाचा कप हातातून निसटायचा. डॉक्टरीणबाईंनी हात दाबून पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, पिळणं बंद, बादली उचलणं बंद, ते मशीन दाबून धरणं तर साफ बंद.

वहिनींनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा होईलशेठांनी लगेच हातातलं काम बाजूला ठेवलं. वहिनींना बरं वाटलं. ते उठले, न्हाणीघरात गेले आणि नळीला एक तार बांधून आले.

"आता बादली अर्धीच भरेल," ते म्हणाले. "उचलायला हलकी."

"आणि खेपा दुप्पट."

"ते झालंच," होईलशेठ समजूतदारपणे म्हणाले.

नवीन मशीनचा विषय वहिनींनी काढला नव्हता असं नाही. दर काही महिन्यांनी निघायचा. शेवटी एकदा होईलशेठांनी शब्द दिला. "हे बघ, ज्या दिवशी मी ह्या मशीनला 'नाही होणार' म्हणेन ना, त्याच दिवशी नवीन आणू." वहिनींनी मान डोलावली. इतकी वर्षं त्या माणसाशेजारी बसून बाईनं हा सौदा मान्य कसा केला, देव जाणे. परगावी राहणारी लेक फोनवर हे ऐकून खो खो हसली. "आई, तू आता एकदा बंद पड बघू. त्याशिवाय बाबांचं तुझ्याकडे लक्ष जायचं नाही."

"गप गं," वहिनी म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर त्यांना हसू आलं नाही.

त्याच सुमाराला पालिकेनं शहराचा शाश्वत विकास आराखडा करायला घेतला. म्हणजे पुढची कित्येक वर्षं कचरा कमी कसा करायचा, वीज आणि पाणी कसं वाचवायचं, आणि त्यात छोट्या दुकानदारांनी कुठली जबाबदारी उचलायची, असं सगळं त्यात लिहायचं होतं. कल्पना चांगली होती, आम्ही नावं ठेवत नाही. फक्त उदाहरण सापडत नव्हतं. जबाबदार व्यावसायिक म्हणून आधी चपलांच्या एका दुकानदाराचं नाव पुढे आलं, कारण त्यानं प्लास्टिकच्या पिशव्या बंद करून कागदी सुरू केल्या होत्या. समिती पाहायला गेली, तर कागदी पिशव्यांना दमट हवा लागू नये म्हणून त्यानं एकेक पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली! समिती चहा न घेताच परत आली.

मग नियोजन विभागातल्या मॅडम एक दिवस आपला टेबललॅम्प घेऊन होईलशेठांकडे आल्या. वयानं लहान, बोलणं मनापासूनचं, अंगात पांढराशुभ्र सदरा, खांद्याला कापडी पिशवी. लॅम्प नेताना त्यांना त्याच्या दांडीला दोऱ्यानं बांधलेला जुना खटका दिसला. त्यांनी तो हातात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. हो, खरंच भरून आले, वहिनी समोरच होत्या.

"काका," मॅडम म्हणाल्या, "आम्ही जो आराखडा लिहितोय ना, तो तुम्ही जगताय!"

होईलशेठांना आयुष्यात इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. ते इतके गोंधळले की त्यांनी मॅडमना त्यांच्या लॅम्पबरोबर दुसऱ्याच कुणाची तरी इस्त्रीही देऊ केली.

पुढच्याच आठवड्यात वॉशिंग मशीननं राम म्हटला. आधी जळका वास आला, मग धूर, मग काहीच नाही. वहिनींनी शांतपणे यजमानांना हाक मारली. आतून त्यांचं मन उड्या मारत होतं, पण चेहरा त्यांनी सुतकी ठेवला. होईलशेठ आले. गुडघ्यावर बसले. मागचं पत्र्याचं झाकण काढलं, मोटरला हात लावला आणि भाजल्यासारखा मागे घेतला. मग त्यांनी चष्मा काढला. हा माणूस चष्मा फक्त झोपताना आणि कुणाच्या दुःखाला गेल्यावर काढतो. वहिनींनी श्वास रोखून धरला.

"ह्याचं काही आता..." होईलशेठ म्हणाले.

आणि फोन वाजला.

पलीकडे मॅडम होत्या. समितीनं एकमतानं होईलशेठांची निवड केली होती. जबाबदार छोटा व्यवसाय म्हणून तर केलीच होती, शिवाय त्यांचं घर शहरातलं 'आदर्श घर' म्हणून आराखड्यात जाणार होतं. एकही नवीन उपकरण विकत न घेतलेलं घर! लोकांना दाखवण्यासारखं! काका, सगळं अजून चालू आहे ना?

होईलशेठांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, मशीनकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "होईल."

वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी भांडी अशी काही आपटली की शेजारीण विचारायला आली.

कुणीतरी दुरुस्तीला टाकून कधीच न नेलेल्या एका मोठ्या मशीनची मोटर होईलशेठांनी काढून ह्या मशीनला बसवली. ती जास्त ताकदीची निघाली. आधी मशीन चालायचं, आता ते पळायला लागलं. होईलशेठ मात्र खुशीत होते. समितीच्या बैठकांना जाऊ लागले, तेही इस्त्रीचा शर्ट घालून. घरी आले की नवीन नवीन शब्द बोलायचे. उपकरणाचं आयुर्मान, संसाधनांचा पुनर्वापर. वहिनी दुखऱ्या हातावर गरम पाण्याची पिशवी धरून ऐकायच्या. वाईट ह्याचं वाटायचं की माणूस खोटं काही बोलत नव्हता. त्यानं खरोखरच शहराचा ढीगभर कचरा वाचवला होता. फक्त तो सगळा वहिनींच्या मनगटांत येऊन साठत होता, आणि हे त्या माणसाच्या गावीही नव्हतं.

मग एका दुपारी वहिनींचा संयम संपला. होईलशेठ बैठकीला गेले होते. वहिनींनी पदर खोचला... म्हणजे बाह्या सरसावल्या आणि ठरवलं की आज ह्या मशीनला असं मारायचं, असं मारायचं, की ब्रह्मदेव आला तरी उठता कामा नये. त्या हातोडी घेऊन न्हाणीघरात शिरल्या.

आता ऐका हं गंमत. बाईनं आधी प्लग काढला. मग नळ बंद केला. मग टाकीतलं उरलेलं पाणी नीट काढून घेतलं, कारण ओल्यात हात घालायचा नसतो. मग मागचं झाकण उघडलं आणि निघालेले स्क्रू एका वाटीत ठेवले, लांब एका बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला. पट्टा काढून खुंटीला अडकवला. आणि मग हातोडी उगारली, तर मोटरवर घाव घालायला हात धजेना. चांगली मोटर होती हो! शेवटी त्यांनी टायमरच्या तारा उपटल्या, तेवढ्यात समाधान मानलं आणि बाहेर येऊन बसल्या.

संध्याकाळी होईलशेठ आले. "बंद पडलं," वहिनी म्हणाल्या. होईलशेठ आत गेले. मग बाहेर आले ते हातात वाटी घेऊन.

वहिनींनी वाटी ओळखली. पण त्यांना वाटलं, चला, निदान आता तरी विषय निघेल. आता तरी विचारेल, का केलंस म्हणून.

होईलशेठांचा चेहरा अभिमानानं फुलला होता. "अगं, तू स्वतः उघडलंस? मला कधी बोलली नाहीस! स्क्रूसुद्धा वेगवेगळे ठेवलेस! तारा जरा चुकल्या, पण पहिल्या वेळेला कुणाच्याही चुकतात."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. आणि एवढ्यावर थांबेल तर तो होईलशेठ कसला! दुसऱ्या दिवशी त्यानं हे मॅडमना सांगितलं. मॅडमना तर आराखड्यात महिलांच्या सहभागासाठी उदाहरण हवंच होतं. झालं. आराखडा जाहीर करायच्या समारंभात काकूंनी दोन शब्द बोलावेत असं ठरलं, आणि मशीनही तिथे आणून ठेवायचं ठरलं, म्हणजे लोकांना प्रत्यक्ष पाहता येईल.

समारंभ पालिकेच्या सभागृहात होता. मशीन हातगाडीवरून आलं आणि त्याला स्टेजवर उभं केलं, त्याच्या फळीच्या झाकणावर हिरवी फीत बांधली. समितीचे अध्यक्ष बोलले, मॅडम बोलल्या, माइक मधेच गेला तेव्हा होईलशेठांनी तो उघडून नीट केला आणि टाळ्या मिळवल्या. मग अध्यक्षांच्या हस्ते मशीन सुरू करायचं होतं. अध्यक्षांनी फोटोवाल्याकडे पाहून हसत बटण फिरवलं. ड्रायर फिरायला लागला. मशीन एकदा थरथरलं आणि स्टेजच्या कडेकडे निघालं. खालच्या रांगेतले लोक खुर्च्या सोडून उठले. अध्यक्ष जागच्या जागी खिळले. आणि वहिनी, ज्या आज मशीनला हात लावायचा नाही असं घरातून ठरवून आल्या होत्या, त्या सवयीनं धावल्या आणि त्यांनी आपलं अख्खं अंग त्याच्यावर टाकून त्याला थोपवलं. फोटोवाल्यानं नेमका तोच फोटो काढला.

मशीन थांबलं. वहिनी धापा टाकत होत्या. मॅडमनी प्रेमानं माइक पुढे केला. "काकू, सांगा ना सगळ्यांना, हे मशीन इतकी वर्षं टिकलं कसं?"

"मशीन कुठं टिकलंय?" वहिनी म्हणाल्या. "मी टिकलेय."

वहिनींना वाटलं, आता बोलूनच टाकावं. "तुमच्या आराखड्यात विजेचं आहे, पाण्याचं आहे, कचऱ्याचं आहे. चांगलं आहे. पण हे असं धरून उभं राहायला माणूस लागतो, तो कुठं लिहिलाय? माझे हात दुखतात. हे बघा." आणि त्यांनी सुजलेली मनगटं वर करून दाखवली.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काहीजण उभे राहिले. त्यांना वाटलं, बाई दोन्ही हात उंचावून सगळ्यांना साथ द्यायला बोलावतायत. अध्यक्ष डोळे पुसत पुसत म्हणाले, वा, काय कळकळ आहे! मॅडमनी 'मी टिकलेय' हे वाक्य लगेच लिहून घेतलं, आणि काही दिवसांत शहरभर फलक लागले. वहिनींचा मशीनला मिठी मारलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत: मी टिकलेय, तुम्हीही टिका. आराखड्याच्या छापील पुस्तकातही तो फोटो जाणार होता आणि खाली लिहिलेलं असणार होतं, यंत्राशी जिव्हाळ्याचं नातं. टाळ्या वाजवणाऱ्यांत होईलशेठ सगळ्यांत पुढे होते. वहिनींनी ते स्टेजवरून पाहिलं होतं, आणि तेच त्यांना सगळ्यांत जास्त लागलं.

घरी आल्यावर त्या भांडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मळक्या कपड्यांची टोपली उचलली, म्हणजे पायानंच ढकलत आणली, आणि पुढच्या खोलीत होईलशेठांच्या टेबलाशी ठेवली.

"हे काय?"

"काम आलंय."

"कुणाचं?"

"घरचं. मी बंद पडलेय. कपडे धुणं आता तुमच्याकडे."

होईलशेठ हसले. चेष्टा वाटली. मग वहिनींकडे नीट पाहिलं आणि हसणं थांबवलं. पण माणूस कामाला मागे सरणारा नव्हे. "त्यात काय एवढं," म्हणाले आणि टोपली घेऊन आत गेले.

पहिल्या दिवशी त्यांनी हे गल्लीत चारचौघांना सांगितलंसुद्धा, की जबाबदार व्यावसायिकानं घरातही जबाबदारी घ्यावी म्हणून. पुढच्या वेळी काही सांगितलं नाही. त्याच्या पुढच्या वेळी न्हाणीघरातून एक शिवी ऐकू आली. मग चादरींचा दिवस आला. भिजलेली चादर पिळायला दोन माणसं लागतात, म्हणून त्यांनी वहिनींना हाक मारली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी फक्त हात मागे धरले. होईलशेठांनी चादरीचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसरं टोक एकट्यानं पिळलं. नळाची तोटी हातात आली. न्हाणीघरात पाणीच पाणी झालं. त्या पाण्यात उभं राहून त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं.

संध्याकाळी सोल्डरिंग करताना त्यांचा हात थरथरला. बारीक तार जागेवर बसेना. चष्मा पुसून पाहिला, दिवा जवळ ओढून पाहिला, पण हातच ऐकेना. मग ते बसून राहिले. वहिनी चहा घेऊन आल्या, तेव्हा त्यांनी चहा बाजूला ठेवला आणि वहिनींचा हात आपल्या हातात घेऊन मनगट हळू फिरवून पाहिलं. कट्ट असा आवाज आला.

"हे किती दिवसांपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले. "सांगितलं होतंस." आणि त्यांनी मान खाली घातली. वहिनींना तेव्हा मात्र रडू फुटलं, आणि त्यांनी ते आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात हातगाडी आली. तिच्यावर खोक्यासकट नवंकोरं वॉशिंग मशीन. होईलशेठ गाडीच्या बाजूनं चालत होते ते चोरून आणल्यासारखे. शेजाऱ्यांनी विचारलं, शेठ, हे काय? तर म्हणाले, दुरुस्तीला आलंय कुणाचं तरी. खोक्यावरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती! पण त्यांना आदर्श घराची लाज राखायची होती. गल्लीनं ते मान्य केलं, तोंडावर तरी.

मशीन बसवलं, कपडे टाकले, बटण दाबलं. वहिनी सवयीनं त्याला टेकायला गेल्या. त्याची काही गरजच नव्हती. ते जागचं हलत नव्हतं. वहिनी बाहेर येऊन खुर्चीवर बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. हातांना आता करायला काही नाही, हे त्यांना कितीतरी वेळ खरंच वाटेना.

आणि तेवढ्यात मॅडम आल्या. आराखड्याची छापून आलेली पहिली प्रत त्यांना आधी काकूंना द्यायची होती. कौतुकानं पान उघडून फोटो दाखवला. होईलशेठ न्हाणीघराच्या दारात आडवे उभे राहिले. पण ते अंगानं किरकोळ, आणि मशीन पांढरंशुभ्र. मॅडमना दिसलंच.

"काका, हे... नवीन आहे?"

"छे छे. दुरुस्तीला आलंय."

"कुणाचं?"

होईलशेठांनी पंख्याकडे पाहिलं.

"माझं," वहिनी म्हणाल्या. "नवीन आहे. बिघडलेलं नाही. इथंच राहणार आहे."

मॅडम मटकन खुर्चीवर बसल्या. रागावल्या नाहीत. चेहरा पडला फक्त. "पण काकू, आता छापून झालं हो सगळं. आदर्श घर म्हणून."

"मग दुसऱ्या कुणाचं घर लिहा. तुमचंच लिहा की. तुमच्याकडे कुठलं मशीन आहे?"

मॅडम जरा ताठ झाल्या. हे विचारलेलं त्यांना आवडलं. "आमच्याकडे मशीनच नाही. मी घेऊच दिलं नाही. कपडे हातानं."

"कुणाच्या?"

वहिनींना टोमणा मारायचा नव्हता. आधी दुसऱ्याच्या घरी धुणं कसं होतं हे विचारायची त्यांना कधी सवय नव्हती, आता लागली होती, म्हणून विचारलं. मॅडमनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्यांनी आपल्या शुभ्र सदऱ्याच्या बाहीकडे पाहिलं, ती बाही जराशी चोळली.

"आईच्या," त्या म्हणाल्या. "ती काही म्हणत नाही कधी."

वहिनी उठून चहा ठेवायला गेल्या. चमच्यानं किटलीचा खटका धरून उभ्या असताना त्यांना खिडकीतून दिसलं, मॅडम अंगणात जाऊन फोन लावतायत.

"आई, कपडे भिजवलेस का गं आज? नाही, काही झालं नाही. सहज विचारलं. भिजवलेस? बरं, मग राहू देत तसेच. अगं नाही, तू हात लावू नकोस. हो, सगळेच. मी येतेय घरी."

वहिनींनी चहाचे दोनच कप काढले.